हौदाला सलाईन

"जनावरांसाठी का लोणच्यासाठी?" धाराशिवच्या बाजारात दुकानदाराने विचारलं.

१०० किलो खडेमीठ मागणाऱ्याला हा प्रश्न रास्तच होता. मी म्हणालो, "पोहण्यासाठी." दुकानदाराने हमालाकडे पाहिलं, हमालाने माझ्याकडे आणि मी दुकानाच्या पत्र्याकडे.

दोष साडूभाऊंचा. ते पुण्यात राहतात, त्यामुळे त्यांना सगळं माहीत असतं. त्यांच्या सोसायटीत मिठाच्या पाण्याचा तलाव झाला. "क्लोरिन नावाला नाही! डोळे चुरचुरत नाहीत, वास नाही. तुमच्या शेतातल्या हौदाला तसलं यंत्र बसवा, सुट्टीत सगळे येतो." आदल्या वर्षी पाऊस बरा झाला होता, बोअरला पाणी होतं आणि माझ्या हातात निवृत्तीचा पैसा होता. तिन्ही गोष्टी एका वेळी जमून येणं आमच्या जिल्ह्यात धोक्याचं असतं. शेजारच्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने प्यायचं पाणी आणावं लागलं होतं. त्या मुलखात मी पोहायला हौद सजवत होतो. "हौसेने पाणीच बघायचं तर पावसाळ्यात नळदुर्गला चला, किल्ल्याच्या बंधाऱ्यावरून पडतं ते फुकट दिसतं," असं बायको म्हणाली होती. पण तिचं ऐकलं असतं तर हा लेख कशावर लिहिला असता?

हौद ६ मीटर लांब, ४ रुंद, पाणी सव्वा मीटरला थोडं कमी. म्हणजे सुमारे २९ हजार लिटर. हजार लिटरला साडेतीन किलो मीठ, म्हणून ५० किलोची दोन पोती. तीस वर्षं गणित शिकवलंय, एवढं चुकणार नाही. पुढे जे चुकलं ते गणिताच्या बाहेरचं होतं.

क्लोरिन नसतो, ही साडूभाऊंची पहिली थाप. सगळा खेळ क्लोरिनचाच असतो, फक्त तो विकत आणायचा नाही, घरी पाडायचा. मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड. खारं पाणी पंपाने एका नळकांड्यातून जातं, त्यात टायटॅनियमच्या प्लेटा असतात, त्यांवर रुथेनियमसारख्या महागड्या धातूंचा लेप. वीज सोडली की एका बाजूला क्लोरिन सुटून पाण्यात विरघळतो, दुसऱ्या बाजूला हायड्रोजनचे बुडबुडे. क्लोरिन जंतू मारतो आणि मारता मारता पुन्हा मिठातला क्लोराइड होतो. त्यामुळे मीठ संपत नाही. चोख व्यवहार. समुद्रात लिटरला ३५ ग्रॅम मीठ असतं, इथे साडेतीन पुरतं.

यंत्रावर टक्क्यांचं बटण होतं. माझी समजूत अशी की ५० टक्के म्हणजे पाणी ५० टक्के शुद्ध. पोरांना आयुष्यात पैकीच्या पैकी न देणाऱ्या मी यंत्रालाही ५० वरच ठेवलं. खरं म्हणजे तो आकडा वेळेचा. ५० म्हणजे पंप चालू असताना निम्मा वेळ प्लेटांत वीज, निम्मा वेळ आराम. पाण्यात क्लोरिन किती आहे याचा यंत्राला पत्ताच नसतो. ते आपलं घड्याळ बघून क्लोरिन पाडत राहतं. महाग यंत्रांना पाण्याचा अंदाज घेणारी कांडी असते. माझं यंत्र महाग नव्हतं, मला फक्त ते महागात पडलं.

शिवाय पंप चालला तर क्लोरिन. आमच्याकडची वीज ही येणारी वस्तू नाही, जाणारी आहे. त्यात एप्रिलचं ऊन. स्थिर ठेवणारं सायन्युरिक आम्ल पाण्यात नसेल, तर उघड्या उन्हात क्लोरिन दोन-तीन तासांत बहुतेक उडून जातो. हे आम्ल घालायचं असतं, ही ओळ माहितीपुस्तकाच्या मागच्या बाजूला होती. पुस्तक मी पुढच्या बाजूने वाचलं होतं, तेही दोनच पानं.

आठव्या दिवशी हौद पालकाच्या भाजीसारखा झाला. मी १०० टक्के केले. पडद्यावर लाल दिवा आला, 'मीठ कमी'. एक पोतं ओतलं. दिवा तसाच. आणखी एक. तिसऱ्या पोत्याला दुकानदार म्हणाला, "सर, एकदा आमच्या पोरान्लाबी दाखवा की पोहून."

शेवटी ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक आला. माझाच विद्यार्थी, दहावीला गणितात ३५. गावच्या विहिरीत आणि टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकणं आणि नळाचं पाणी तपासणं हे त्याचं रोजचं काम. नळाला लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन उरला तरी पुरे, पोहायला मात्र १ ते ३ लागतो, हे त्याने सहज सांगितलं. त्याने नळीत हौदाचं पाणी घेतलं, ओटीचे थेंब टाकले. क्लोरिन असता तर पिवळं झालं असतं. ते हिरवटच राहिलं.

"सर, प्लेटा बघितल्या का?"

प्लेटा म्हणजे बंबाचं बूड झाल्या होत्या. आमच्या बोअरचं पाणी जड. प्लेटांच्या ज्या बाजूला हायड्रोजन सुटतो तिथे पाणी जास्त अल्कधर्मी होतं आणि पाण्यातला चुना तिथेच बसतो. यंत्र अधूनमधून वीज उलटी फिरवून तो झाडायचा प्रयत्न करतं, पण आमच्या बोअरपुढे ते थकलं. चुन्यामुळे प्लेटांतून वीज कमी जाते, आणि कमी वीज म्हणजे कमी मीठ एवढंच यंत्राला कळतं. मीठ पहिल्या दिवसापासून पुरेसं होतं. मी दीडशे किलो चुन्याच्या नावाने ओतलं होतं.

त्याने बादलीत आधी पाणी, मग थोडं ॲसिड घेऊन प्लेटा बुडवल्या. चुना फसफसून निघाला. टीसीएलची पिशवी मात्र त्याने लांब बांधावर नेऊन ठेवली. "ह्ये दोघं एकत्र आले तर गॅस हुतो सर, मग आपलंच पाणी तपासायला दुसरं कुणीतरी यायचं."

स्वच्छ प्लेटा बसवल्या, पंप सुरू केला. पुन्हा लाल दिवा. 'मीठ जास्त'. आणि यंत्र बंद. मी हिशेब मांडला. २५० किलो भागिले २९ हजार लिटर, लिटरला साडेआठ ग्रॅमच्या वर. दवाखान्यातल्या सलाईनच्या बाटलीत ९ ग्रॅम असतं. मी अख्ख्या हौदाला सलाईन लावलं होतं.

दोन दिवसांनी साडूभाऊ येणार होते. जलसुरक्षकाने तोंडी हिशेब केला, हजार लिटरला ५ ग्रॅम टीसीएल, म्हणजे दीडशे ग्रॅमच्या आत-बाहेर, शेवाळ आहे म्हणून पहिल्या दिवशी बरंच जास्त. बादलीत कालवून अर्धा तास ठेवलं आणि वरची निवळी तेवढी हौदात सोडली. गावच्या विहिरीला करतात तस्संच. तिसऱ्या दिवशी तळ दिसला. ओटी टाकल्यावर नळीतलं पाणी लिंबाच्या सरबतासारखं झालं. मी त्याच्या पस्तिशीत मनातल्या मनात पन्नास मिळवले.

साडूभाऊ तासभर डुंबले. वर येऊन टॉवेलने डोकं पुसत म्हणाले, "बघा, मिठाच्या पाण्याचा फरक कळतो की नाही! क्लोरिन असता तर डोळे लाल झाले असते."

मी यंत्राकडे पाहिलं. त्याचा लाल दिवा चालू होता.

आता प्रश्न पाण्याचा. मीठ काढायचा साधा मार्ग एकच, पाणी काढून गोडं पाणी भरणं. काढलेलं सोडायचं कुठे? काळ्या रानात सोडलं तर जमीन खारवते, ओली असताना चिकट, वाळली की दगड. शेजारी बांधावर उभा राहून रोज बघतो, मी कुठला पाइप उघडतोय का. तेव्हा कुणाला २९ हजार लिटर खारं पाणी हवं असेल तर सांगावं. पाण्याचे पैसे नकोत. टँकर मात्र आपला आणावा, आणि नेऊन कुठे ओतणार ते आधी माझ्या शेजाऱ्याला पटवून द्यावं.