मचूळ पाण्यातलं बिऱ्हाड

अहो वहिनी, मेथी घेऊन इकडेच या कठड्याशी, दोघी मिळून निवडू. आमच्या धाकटीचा प्रताप कळला का? काल कॉलेजच्या पोरांबरोबर माहीमच्या खाडीवर गेली होती. मिठी नदी समुद्राला मिळते ना, तिथलं पाणी मचूळ. तिथून होडीच्या जुन्या दोराचा तुकडा आणलंन्, शेवाळासकट, आणि ठेवलंन् कुठे? माझ्या लोणच्याच्या बरणीत! मी म्हटलं, फेक आधी. तर म्हणते, "आई, शेवाळ नाही, जनावर आहे."

भिंग दिलंन् हातात. बघते तर केसाएवढे देठ आणि टोकाला फूल. पण त्या पाकळ्या नव्हेत हो, हात! बरणी हलली की आखडून घेतात. हायड्रॉइड म्हणतात त्याला.

वाढतं रताळ्याच्या वेलासारखं. दोरावर आडवं मूळ पसरत जातं, त्याला ठिकठिकाणी कोंब फुटतात, की झालं नवं बिऱ्हाड. लग्न नाही, कार्य नाही. आणि आतली नळी सगळ्यांची एकच! एकाने बारीकसा किडा गिळला की रस साऱ्या मजल्यांवर पोचतो. आपल्याकडे सात नंबरात पुरणपोळी झाली तर वास तेवढा पोचतो.

कामंही वाटलेली. काहींनी नुसतं खायचं. काहींना तोंडच नाही, त्यांच्याकडे फक्त बाळंतपणाचं खातं. हसू नका, ऐका. बीएस्सीची पोरं वहीत चित्र काढतात ना, त्या ओबेलियात ह्या बिनतोंड्यांतून इवल्या छत्र्या सुटतात. बारीक जेलीफिशच त्या. नर वेगळे, माद्या वेगळ्या. बीजांचं लग्न भर पाण्यात लागतं, त्यातून चपटं पोर निघतं, थोडं पोहतं आणि जागा दिसली की चिकटतं. म्हणजे आजी झाडासारखी, आई छत्रीसारखी, नात पुन्हा झाडासारखी! मचूळ पाण्यात मुरलेला कॉर्डिलोफोरा मात्र छत्र्या सोडतच नाही, थेट पोरंच सोडतो. मूळचा कॅस्पियन नि काळ्या समुद्राकडचा, जहाजांना चिकटून जगभर गेला.

मी विचारलं, पावसाळ्यात खाडीत गोडं पाणी येतं, मग मरत नाहीत का? तर म्हणे, पाणी मानवलं नाही की फुलं जिरून जातात, पण पुष्कळ जातींत आडवं मूळ तग धरतं. पाणी मानवलं की पुन्हा कोंब. मला एकदम 1982 चा संप आठवला बघा. लालबागला आमच्या आत्याचे यजमान गिरणीत. बायकापोरं गावी धाडली, भांडी विकली, पण खोली सोडली नाही. गिरणी काही उघडली नाही, ते सोडा.

आणि हो, आपल्या चौपाटीवर पावसाळ्यात निळे फुगे वाहून येतात, ते ब्लूबॉटलही ह्याच गोत्रातले. दिसतो एक, असतो अख्खा गोतावळा, सगळे एकाच अंड्यातून फुटलेले. कुणी फुगा, कुणी पोट, कुणी डंख मारणारा. 2018 च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या किनाऱ्यांवर कितीतरी जणांना डसले होते. तुमच्या नातवाला ह्या दिवसांत अनवाणी नेऊ नका. वाळूत मेलेला दिसला तरी हात लावू देऊ नका, मेल्यावरही डसतो. डसलाच तर वाळूने चोळायचं नाही. समुद्राच्याच पाण्याने धुवायचं आणि डॉक्टर गाठायचा.

बरणी ना? तीनदा घासली. पण लोणचं काही मी घालणार नाही तिच्यात.