वेडी बाभूळ यांस अनावृत पत्र

प्रति,
श्रीमती वेडी बाभूळ,
मु. गिरणीचं आवार, सोलापूर.

विषय: बंद गिरणीच्या जागेवर सार्वजनिक हिरवळ विकसित केल्याबद्दल अभिनंदन, तसेच मुदतवाढीबाबत.

स. न. वि. वि.

बाभळीबाई, आधी अभिनंदन. गिरणीच्या पडीक जागेचं काहीतरी करायला हवं, असं आमच्या गावात इतकी वर्षं बोललं गेलं. केलं ते तुम्ही एकटीने. ना निविदा, ना सल्लागार, ना डीपीआर. भूमिपूजनाचा नारळ फुटला नाही, त्यामुळे कोनशिलेवर कुणाचं नाव वर यावरून रुसवेफुगवेही झाले नाहीत. तुमचा सगळा कर्मचारीवर्ग म्हणजे चाळीतल्या शेळ्या. भिंतीच्या भगदाडातून आत शिरायचं, तुमच्या गोडसर शेंगा खायच्या आणि बी खतासकट जागेवर पोच करायचं. हजेरी नाही, पगार नाही, बोनसची मागणी तर नाहीच. शेटजींना असे कामगार मिळाले असते तर गिरण्या अजून चालू असत्या.

कुठल्या गिरणीचं आवार ते मुद्दाम लिहीत नाही. पत्र खुलं आहे आणि खुली पत्रं प्लॉटवालेही वाचतात.

आत तुम्ही काय केलंय ते मात्र लोकांना कळायला हवं. साचेखात्यातले साचे आधी भंगारात गेले, मागोमाग पत्रे, मग दारं-खिडक्या. राहिले ते फरशीत रुतलेले बोल्ट, ओळीने. दोन ओळींमधल्या ज्या वाटेवरून जॉबर साच्यांवर नजर ठेवत फिरायचा, तिथली फरशी फोडून तुम्ही वर आलात, तेही रांगेत. शिस्त गिरणीचीच. मधल्या मोकळ्या चौकात पोरं क्रिकेट खेळतात. चेंडू तुमच्यात गेला की दोन रन, कारण आत हात घालायला कुणी तयार नसतं.

तुमचं आणि आमच्या जुन्या गिरणीचं वयही जवळपास एकच. मोरारजी गोकुळदास यांनी तिची कंपनी १८७४ साली काढली आणि दुष्काळाच्या दिवसांत, १८७७च्या सुमारास, गिरणीचं चाक फिरू लागलं. त्याच दशकाच्या अखेरीस कुणा इंग्रज जंगल-अधिकाऱ्यांच्या कृपेने तुमचं बी समुद्रापलीकडून येऊन कडप्प्याकडे रुजलं. दोघींना आणलं ते कोरड्या मुलखाचं भलं करायला. पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम अशा गिरण्या उभ्या राहिल्या, गाव भोंग्यावर उठू-जेवू-झोपू लागलं. आणि शतक उलटता उलटता एकेक भोंगा गप्प झाला. जुनी गिरणी तर आता पत्त्यात राहते: जुनी मिल कंपाउंड, मुरारजी पेठ. तुम्ही मात्र वाढताय.

जुन्या गिरणीचा दिमाख तुम्हाला ठाऊक नसेल. १९४९ साली चालकांनी तिला टाळं लावलं, हजारोंचा रोजगार गेला. जानेवारी १९५० मध्ये, म्हणजे घटना लागू व्हायच्या तोंडावर, दिल्लीने खास या एका गिरणीसाठी वटहुकूम काढून कारभार हातात घेतला. भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेले. पहिला हरला. दुसरा, द्वारकादास श्रीनिवास, डिसेंबर १९५३ मध्ये जिंकला: भरपाईशिवाय मालमत्ता अशी काढून घेता येत नाही. मग १९५५ साली चौथी घटनादुरुस्ती आली आणि लोकहितासाठी मर्यादित काळ एखाद्या मालमत्तेचा कारभार सरकारला ताब्यात घेता येईल, अशी तजवीज तिच्यात झाली. कायद्याचे विद्यार्थी हा खटला अजून वाचतात. सोलापूरच्या गिरणीचं टाळं उघडायला देशाची घटना बदलली, बाई. आज त्याच गावात गिरणीच्या आवाराचं फाटक सकाळी सहाला फिरायला जाणाऱ्यांसाठी उघडा म्हटलं, तर 'विषय धोरणात्मक आहे' असं उत्तर येतं.

आणि तुमच्या काट्यांना कुणी नावं ठेवलीच, तर त्यांना सेटलमेंटची आठवण द्या. इंग्रजांनी ज्यांना जन्मतः गुन्हेगार ठरवलं, त्या जमातींना इथे काटेरी तारांच्या आत कोंडलं होतं. हजेरी द्यायची, गिरणीत राबायला जायचं, परत तारेच्या आत. १९५२च्या ऑगस्टअखेर ते सुटले. गावातल्या गिरण्यांचं सूत ज्यांच्या हातून गेलं, त्यांच्या नातवंडांना त्याच गिरणीच्या आवारात पाऊल टाकायला आज वाट आहे ती फक्त भिंतीच्या भगदाडाची. काटे त्यांना नवीन नाहीत. तेव्हा काट्यांच्या आत कोंडवाडा होता, आता मोकळी हवा आहे, एवढाच काय तो फरक.

झाडावरून पेटायची या गावाला जुनी सवय आहे, हेही सांगून ठेवतो. ८ मे १९३० रोजी रूपाभवानीकडे लोक शिंदीची झाडं तोडायला जमले, गोळीबार झाला, आणि चार दिवसांत मार्शल लॉ लागला. चार हुतात्मे झाले, त्यांचे पुतळे चौकात आहेत. चिमणीवरूनही आम्ही वर्षानुवर्षं भांडलो. सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ रोजी विमानांच्या वाटेत येते म्हणून पाडली, तेव्हा अर्धं गाव गच्चीवर होतं. तुमच्यासाठी अजून कुणी भांडलेलं नाही, ही तुमच्या कामाची थोडी उपेक्षाच झाली.

मला विचाराल तर तुम्ही हलू नका. कारण मुंबईत काय झालं ते पाहा. १९९१च्या नियमावलीत गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे सांगितले होते: एक मालकाचा, एक म्हाडाच्या घरांचा, एक महापालिकेकडे मैदानं-बागांसाठी. चार्ल्स कोरियांच्या समितीने १९९६ साली आराखडाही दिला. मग २००१ साली दुरुस्ती झाली की वाटे करायचे ते फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीचे. शेड पाडून जी जमीन रिकामी होईल ती धरायची नाही. गिरणी म्हणजे तर सगळी शेडच. २००५ मध्ये उच्च न्यायालयाने लोकांच्या बाजूने निकाल दिला, मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. गिरणगावाच्या वाट्याला मैदानांऐवजी मॉलच्या पायऱ्या आल्या. त्या पायऱ्यांवर बसलं तर वॉचमन उठवतो.

आमच्याकडे विकास आराखड्यात आरक्षण टाकतील, असं कुणी सांगेल. जरूर टाका. पण नगररचना कायद्याचं कलम १२७ असं आहे की दहा वर्षांत जागा संपादन झाली नाही तर मालकाने नोटीस द्यायची, आणि पुढच्या मुदतीतही पावलं उचलली नाहीत तर आरक्षण रद्द. पालिकेची तिजोरी आणि मालकांचं घड्याळ यांची चांगली ओळख असते. तुम्हाला रद्द करायला नोटीस पुरत नाही. जेसीबी लागतो, आणि पुढच्या पावसाळ्यात तुम्ही बुंध्यातून पुन्हा हजर. इतकं चिवट आरक्षण आमच्या आराखड्यात दुसरं नाही.

परदेशात तुमच्यासारख्या रानटी झाडांचा मान वेगळा. जर्मनीत ड्युइसबर्गला १९८५ साली लोखंडाचा कारखाना बंद पडला. पीटर लाट्झ या रचनाकाराने भट्ट्या पाडल्या नाहीत, रुळांमध्ये आपसूक उगवलेली रानटी झाडंसुद्धा ठेवली. जिथली माती विषारी होती ती जुन्या बंकरांत बंद केली. १९९४ साली १८० हेक्टरांचं ते उद्यान खुलं झालं. रात्रीही जाता येतं, तिकीट नाही. साहेबांनी केलं म्हणजे आपल्याला जमणार नाही असं वाटत असेल तर त्याच १९९४ साली, धारावीला लागून, कचऱ्याच्या डेपोवर उभं राहिलेलं माहीमचं निसर्ग उद्यान खुलं झालं. तिथे आज जंगल आहे.

आता थोडं तुमच्याविषयी, राग मानू नका. तुमच्या सावलीत गवताचं पातं उगवत नाही. पाणी तुम्ही खोलवरून ओढता, आणि आमच्या नळाला पाणी रोज येत नाही. उन्हाळ्यात पारा चव्वेचाळीसला जातो तेव्हा तुमची सावली म्हणजे चाळणीतून गाळलेलं ऊन. तेव्हा कायमचा मुक्काम नको. टप्प्याटप्प्याने कडुनिंब आणि चिंच लावू द्या, एकेक ओळ सोडा. दोन नळ, चार बाकडी, एखादी शेड पत्र्यासकट राखलेली, आणि फाटक उघडं. संगीत कारंजं नको. 'आय लव्ह सोलापूर'ची लाल अक्षरं तर अजिबात नकोत. गाव आवडतं की नाही ते मावळतीला पोरांच्या क्रिकेटवरून कळतं.

मात्र सात-बाराच्या उताऱ्यावर 'सार्वजनिक मैदान' असं लागेपर्यंत, आणि भिंत पाडून जाळीचं फाटक बसेपर्यंत, आपल्याला मुदतवाढ देण्यात येत आहे. कुणी सुशोभीकरणाचा फलक घेऊन आलं तर फलकावर अंमलबजावणीची तारीख आहे का ते आधी पाहा. नसेल तर काटे आहेतच.

एकच तक्रार. भगदाडाच्या डाव्या हाताची फांदी डोक्याच्या उंचीवर आली आहे. विष्णू चाळीतले एक निवृत्त बदली कामगार रोज तिथून वाकून आत जातात. त्यांची टोपी दोनदा अडकली. तेवढी आवरती घ्या.

कळावे,
आपला,
फिरायला जागा शोधणारा एक सोलापूरकर

प्रत: चाळीतल्या शेळ्यांना, माहितीसाठी व पुढील कार्यवाहीसाठी. (फांदी त्यांच्याच हद्दीत येते.)