माठ

आमच्या घरात मला दोन नावं होती. एक बारशात ठेवलेलं आणि दुसरं 'माठ'. पहिलं शाळेच्या दाखल्यापुरतं, दुसरं रोजच्या वापरातलं. त्यामुळे विठ्ठलाला कुंभार म्हणणारं ते गाणं रेडिओवर पहिल्यांदा लागलं तेव्हा इतरांना काय वाटलं ते ठाऊक नाही, मला ती घरचीच गोष्ट वाटली. शब्द गदिमांचे, चाल आणि आवाज बाबूजींचा आणि विषय मी.

तुम्हाला ते गाणं ठाऊक असणारच. १९६१च्या 'प्रपंच' सिनेमातलं. देव चाकावर माणसं घडवतो, मडक्यांची रास लावतो, मग एका मडक्याला लोण्याची संगत देतो आणि दुसऱ्याला आगीची, हा कुठला न्याय, अशी त्यात लाडकी तक्रार आहे.

सहामाहीत गणितात शंभरपैकी ३८ मिळाले त्या संध्याकाळी हे गाणं माझ्या बाजूने उभं राहिलं. मडकं वाकडं झालं तर जाब मडक्याला कोण विचारतो? प्रगतिपुस्तक पुढे करत मी शांतपणे म्हणालो, "बाबा, दोष मडक्याचा नसतो, कुंभाराचा असतो." बाबांनी क्षणभर देव्हाऱ्याकडे पाहिलं. मी विठ्ठलाबद्दल बोलतोय असं त्यांना वाटलं असावं. मग या घरात कुंभार कोण, हा हिशेब त्यांना लागला. त्यांचं गणित चांगलं होतं.

पुढे काय झालं ते संतचरित्रात आधीच लिहून ठेवलं आहे. तेरच्या गोरोबाकाकांनी मुक्ताईच्या सांगण्यावरून जमलेल्या संतांची डोकी थापटण्याने थापटून पाहिली. बाकीचे गप्प बसले, नामदेव रागावले, म्हणून नामदेव कच्चं मडकं ठरले. मीही गप्प बसलो नाही. फरक एवढाच, की नामदेवांना औंढ्या नागनाथाला विसोबा खेचर गुरू भेटले आणि मला गणिताची शिकवणी लागली.

नोकरीत लागलो आणि गाण्याचा अर्थ बदलला. माझ्याच दिवशी रुजू झालेला एक सहकारी होता. हुद्दा तोच, पगार तोच, डबाही एकत्र. एकाच मातीचे दोघे. सहा वर्षांनी त्याला बढती मिळाली आणि मला बदली. ते वर्षभर मी हे गाणं न्हाणीघरात, एसटीत आणि एकदा साहेबांच्या केबिनबाहेरही म्हटलं. त्याच्या वाट्याला लोणी, माझ्या वाट्याला जाळ! पुढे कळलं, की ते लोणी त्याच्याकडे वाट चुकून आलेलं नव्हतं. त्याने ते आधी साहेबांना लावलं होतं. विठ्ठलाचा त्यात काही हात नव्हता. तरी मी तक्रार विठ्ठलाकडेच चालू ठेवली. तो बदली करत नाही.

निवृत्तीनंतर माणसाला एकतर साखर होते नाहीतर अध्यात्म. मला दोन्ही झालं. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात मी या गाण्याच्या गूढार्थावर बोलायला उभा राहिलो. चाक म्हणजे कालचक्र, मडकं म्हणजे देह, आणि माती, पाणी, उजेड, वारा म्हणजे पंचमहाभूतं. चाराची पाच करताना जरा ओढाताण झाली, पण आमच्या संघात मोजणारं कुणी जागं नव्हतं.

"आणि ती मडक्यांची न संपणारी रास म्हणजे काय?" मी आवाज चढवून विचारलं.

"पोरं!" पहिल्या रांगेतून उत्तर आलं.

एक निवृत्त शिक्षिका होत्या. त्या उभ्याच राहिल्या. "अहो, सिनेमा पाहिलाय का तुम्ही? गदिमांच्याच 'आकाशाची फळे' कादंबरीवरचा आहे तो. घर कुंभाराचं, खाणारी तोंडं ढीगभर आणि मिळवणारे हात दोन. तुमचं कालचक्र राहू द्या बाजूला, आधी त्या माउलीचं घर कसं चालायचं ते सांगा."

पंचमहाभूतं जागच्या जागी विरघळली. चहा मात्र लवकर आला.

सिनेमा न बघता बोललो याची लाज वाटलीच. पण रात्री झोप उडाली ती वेगळ्याच कारणाने. पन्नास वर्षं मी या गाण्यात काय शोधत होतो? माझीच बाजू. शाळेत बाबांविरुद्ध, कचेरीत साहेबांविरुद्ध, आता काळाविरुद्ध. गाणं नव्हे, वकीलपत्र! त्या बाईंना त्याच शब्दांत दुसऱ्याचं घर दिसलं होतं.

उन्हाळा लागल्यावर माठ आणायला पुण्यात कुंभारवेशीत गेलो. गोरोबाकाकांचं स्मरण करून दोन-चार माठ वाजवले आणि लाल रंगाचा, नक्षी काढलेला एक उचलला.

"त्यो नका घेऊ," माठ विकणाऱ्या मावशी म्हणाल्या. "रंगानं भोकं बुजत्यात. पानी गार न्हाई व्हायचं."

"भोकं? माठाला?"

"बारीक असत्यात. मातीत लीद मिसळत्यात, ती भट्टीत जळती, तिथं भोकं ऱ्हात्यात. त्यातनं पानी पाझरतं, वारं लागलं की माठ गार. पाझरायचाच न्हाई त्यो माठ काय कामाचा?"

लीद! गदिमांनी माती घेतली, पाणी घेतलं, उजेड घेतला, वारा घेतला, पण लीद काही घेतली नाही. मीटरमध्ये बसली नसेल. मी तिथेच, दोन माठांच्या मध्ये, उकिडवा बसून राहिलो. ते ३८ गुण, ती बदली, तो पोरांची शाळा बुडवून हलवलेला संसार. 'यात घाण मिसळली आहे' म्हणून जो माल मी आयुष्यभर विठ्ठलाला परत करू पाहत होतो, त्यात ती घाण मोजून घातलेली होती की काय? आणि पाणी गार होतं ते घट्ट धरून ठेवल्याने नव्हे, थोडं सोडून दिल्याने. मी तर तक्रारीचा एक थेंबही कधी सांडू दिला नव्हता. मग आत सगळं कोमट राहिलं यात नवल काय?

"घेताय का नुसतं बसताय?" मावशींनी विचारलं. मी साधा, बिनरंगाचा माठ घेतला. घासाघीस केली नाही. गुरुदक्षिणेत ती करत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात तळं साचलेलं. "गळका आणलात!" बायको म्हणाली.

"गळत नाहीये, पाझरतोय," असं म्हणून मी तिला लिदीपासून मुक्तीपर्यंत सगळं सांगितलं. बाबा मला माठ म्हणायचे तो शेवटी आशीर्वादच होता, इथपर्यंत आलो.

तिने सगळं ऐकून घेतलं. फरशी पुसायचं फडकं माझ्या हातात दिलं. मग वाकून माठावर एक टिचकी मारली, कान देऊन ऐकलं आणि माझ्याकडे पाहत म्हणाली, "माठ तरी पक्का आहे."