दाजी आणि समुद्राचं आवर्तन

हिंगोली जिल्ह्यातल्या माणसाला समुद्राची हौस दांडगी, सवय मात्र शून्य. २०२४ मध्ये मुंबईची जनशताब्दी जालन्याच्या पुढे थेट हिंगोलीपर्यंत यायला लागली, तेव्हा कुणाला मंत्रालय जवळ आलं, कुणाला टाटा हॉस्पिटल. आमच्या दाजींना समुद्र जवळ आला. दाजी वसमतचे, हळदीचे अडते. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, पनवेलला नोकरीला. "पोराकडं मुक्काम टाकू, एक दिवस दर्या बघू अन् माघारी येऊ," असा त्यांचा बेत. त्यात तटबंदीच्या गावाची भर मी घातली. दोन्ही एकाच खेपेत उरकायचं तर रेवदंडा.

अलिबागहून दक्षिणेला सतरा-अठरा किलोमीटर. चौल कधी संपलं ते कळत नाही आणि रस्ता काळ्या दगडी तटातून आत शिरतो. पुढे घरं, दुकानं, माडांच्या वाड्या. दाजी उतरले, कंबर सरळ केली आणि अंगणात सुपारी सोलत बसलेल्या एका आजींना म्हणाले, "मावशी, किल्ला कुठशीक आला?"

आजींनी मान वर न करता सांगितलं, "किल्ल्यातच उभे आहात."

पोर्तुगीजांनी १५२४ च्या सुमारास बांधलेला हा किल्ला १७४० मध्ये मराठ्यांकडे आला, १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेला आणि आता तो नारळ-सुपारीच्या ताब्यात आहे. तटाचा घेर पाचेक किलोमीटरचा सांगतात, पण त्यात किल्ला किती आणि लोकांचं परसदार किती, हे ठरवायला तलाठीच बोलवावा लागेल. एके ठिकाणी तटाला खेटून न्हाणीघर होतं. बाजूच्या दोरीवर गोधडी वाळत होती, आणि तिच्यामागे पोर्तुगालच्या राजाची भिंत. इतिहासाला कोकणात कुणी घाबरत नाही.

आमची गंमत उलटी. हिंगोलीत निजामाच्या काळात छावणी होती, तेव्हापासून वस्त्यांची नावं पलटण, रिसाला, तोफखाना. पत्ता सांगायला लागलं की परगावचा माणूस खांदे ताठ करतो. पण तोफखान्यात हिंडून तोफ काही दिसत नाही. इथे सातखणी बुरुजाच्या पायथ्याशी चांगल्या तोफा पडल्यात आणि गावाला त्याचं काही नाही. दाजींना मात्र बुरुजाचीच शंका आली. त्यांनी बोट वर करून मजले मोजले, पुन्हा मोजले.

"पाव्हणं, सात म्हणले ना? चारच भरतेत."

"वरचे पडले, दाजी."

"मग नाव तरी उतरवावं. पावतीवर सात अन् मालात चार, आमच्या मोंढ्यात चालत नाही."

गावात अफनासी निकितिन या रशियन व्यापाऱ्याचं स्मारक आहे. वास्को द गामाच्या कितीतरी आधी, पंधराव्या शतकात, हा गडी घोडा घेऊन चौल बंदरात उतरला आणि तो विकायला जुन्नरमार्गे पार बिदरपर्यंत गेला, म्हणजे जवळजवळ आमच्याच अंगाला. आपल्या देशात खपेल असा माल इथे नाही, मिरी आणि रंग स्वस्त आहेत पण जकात भारी, समुद्रात चाचे फार, असं गाऱ्हाणं त्याने लिहून ठेवलंय. हे ऐकून दाजी पहिल्यांदा हळवे झाले. "बाजारभाव न विचारता गाडी भरली बिचाऱ्यानं," म्हणाले, आणि स्मारकापुढे टोपी काढून उभे राहिले. किल्ल्यापुढे काढली नव्हती.

मग समुद्र. सुरूच्या बनातून काळसर वाळूवर आलो. अक्का, म्हणजे माझी बहीण, गप्प झाली. दाजींनी डोळ्यांवर हात धरला, बराच वेळ पाहिलं आणि निकाल दिला, "इसापूर धरण भरलं की असंच दिसतं."

जेवायला घरगुती खानावळीत गेलो. मी सुरमई मागवली. दाजी माळकरी, त्यांनी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी सोडली. वाढणाऱ्या काकूंनी चटणी चाखायला मागितली, हे ते दिवसभर सांगत होते.

परत किनाऱ्यावर आलो तर ओहोटीने पाणी लांब गेलेलं. दाजी दचकले. "पाणी सोडलं वाटतं. आवर्तन कुणाचं आहे?" भाच्याने चंद्र, भरती, ओहोटी सगळं समजावलं. दाजींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "टेलला पोचतं का?"

परतताना रस्त्याकडेला पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या. दाजींच्या अंगात अडत्या संचारला. त्यांनी माळ हातात तोलली, एक कांदा चेपून पाहिला, पात हुंगली आणि निम्म्यापासून सुरुवात केली. विकणारी बाई ढिम्म. "अलिबागचा कांदा आहे, मानांकन आहे याला."

"आमच्या वसमतच्या हळदीलाबी हाय," दाजी छाती काढून म्हणाले.

"हो? मग मानांकन मिळाल्यावर तुम्ही भाव उतरवलात का?"

दाजींनी तिने सांगितलेल्या भावाने दोन माळा घेतल्या. वडखळ येईपर्यंत गाडीत कुणी बोललं नाही. मग अक्काकडे वळून ते म्हणाले, "त्या बाईला आपल्या मोंढ्यात बसवली तर चार अडत्यांचे गाळे बंद होतील. पयला माझा."