सल्ल्यावरची तारीख

मिसिसागा, ऑन्टॅरिओ

ती. आई, बाबा, आत्या, मोठी मावशी आणि समस्त सल्लागार मंडळास,



आम्ही इकडे सर्व खुशाल आहोत. बाळही खुशाल आहे, आणि ते नेमकं कोणाच्या सल्ल्यामुळे खुशाल आहे हा वाद सोडला तर घरात शांतता आहे. कॅनडात लोणचं आणलं तर विमानतळावर विचारपूस होते. सल्ला मात्र बिनशुल्क येतो, चोवीस तास येतो आणि एकाच सकाळी एकमेकांची तोंडं न बघणारे दोन-तीन येतात. इथल्या मराठी घरात तान्हं मूल आलं की दोन सल्लागार मंडळं आपोआप स्थापन होतात. एक सांगली-सातारा-डोंबिवलीचं, फोनवरचं. दुसरं इथल्या आरोग्य खात्याच्या नर्सबाईंचं, छापील पत्रकांचं. दोघांचा सूर मात्र एकच: असंच करायचं असतं. मधल्यामध्ये सापडलेले आईबाप मग दोनपैकी एक पक्ष धरतात. काहींना जुनं ते सोनं वाटतं, काहींना इंग्रजीत छापलेलं ते. माझं म्हणणं असं की सल्ला देशी की विदेशी, जुना की नवा, हे बघूच नये. औषधाच्या बाटलीवर असते तशी सल्ल्यावरही तारीख असावी, तो कुठे तयार झाला ते गाव असावं आणि कशासाठी दिला ते कारण असावं. एवढं कळलं की निम्मी भांडणं मिटतात. उरलेली निम्मी बाळाच्या नावावरून असतात, त्यांना इलाज नाही.

आधी गावाचं बघू, कारण ते सोपं आहे. बाळाला सकाळच्या कोवळ्या उन्हात धरा, हा सल्ला सांगलीत जन्मला. सांगली विषुववृत्ताच्या उत्तरेला सतरा अंशांवर, मिसिसागा साडेत्रेचाळीसवर. जानेवारीत इथे ऊन पडतं, छान पडतं, पण सूर्य इतका खाली असतो की त्या उन्हात ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण जवळजवळ नसतातच. शिवाय उणे बारा अंशांत बाळाला बाहेर न्यायचं तर ते इतकं गुंडाळावं लागतं की उन्हाला दर्शन फक्त नाकाच्या शेंड्याचं. म्हणून इथे अंगावर पिणाऱ्या बाळाला रोज 400 युनिट ड जीवनसत्त्वाचे थेंब देतात. यात सांगलीच्या उन्हाचा अपमान नाही. भारतातले बालरोगतज्ज्ञही आता पहिल्या वर्षी हेच थेंब देतात, हे मावशीने आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावं आणि मग आमच्यावर रागवावं. बीसीजीचंही तसंच. ‘दंडावर व्रण नाही म्हणजे लस चुकवली’ असा निष्कर्ष काढू नये. कॅनडात क्षयरोग कमी, म्हणून इथे ती लस सरसकट देत नाहीत. उत्तरेकडच्या ज्या वस्त्यांत क्षय अजून आहे तिथे देतात. एकाच देशात गाव बदललं की सल्ला बदलतो, इथे तर मधे दोन महासागर आहेत.

आता तारखेकडे येते, कारण खरी गंमत तिथे आहे आणि त्यात इथल्या मंडळींची फजिती आहे, तेव्हा तुम्हाला वाचायला आवडेल. 2000 साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने सांगितलं की ज्या मुलांना ॲलर्जीचा धोका आहे त्यांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नका. लोकांनी ऐकलं, तरी शेंगदाण्याची ॲलर्जी वाढतच राहिली. पुढे लंडनच्या गिडियन लॅक यांच्या गटाच्या लक्षात आलं की लंडनमधल्या ज्यू मुलांमध्ये ही ॲलर्जी इस्रायलमधल्या ज्यू मुलांच्या दहापट आहे. वंश तोच, मग फरक कसला? तर इस्रायलमध्ये दात यायच्या वयापासून पोरं शेंगदाण्याचे कुरकुरे चघळत असतात. मग या गटाने धोक्यातल्या 640 बाळांचे दोन भाग केले. एकांना शेंगदाणा नियमित दिला, दुसऱ्यांना पूर्ण वर्ज्य केला. पाच वर्षांची झाल्यावर बघितलं तर न खाणाऱ्यांत शंभरात सतरा मुलांना ॲलर्जी, खाणाऱ्यांत शंभरात तीन. हा निकाल 2015 चा. त्यानंतर सल्ल्याने सरळ कोलांटी मारली: लवकर द्या, नियमित द्या. आत्याला हे वाचून ‘मी म्हणत नव्हते!’ असं म्हणायचा पूर्ण अधिकार आहे. फक्त एक नोंद असू द्या, आपल्याकडे कूट पडतं ते प्रतिकारशक्तीचा विचार करून पडत नाही, त्याशिवाय साबुदाण्याची खिचडी आणि भरली वांगी होत नाहीत म्हणून पडतं. आपण बरोबर होतो, पण कारण माहीत नव्हतं. आणि कारण माहीत नसलं की पुढची पायरी चुकते. कूट पातळ करून देणं ठीक. अख्खा दाणा मात्र चार वर्षांपर्यंत हातात देऊ नये, तो घशात अडकतो. ज्या बाळाला अंगभर इसब आहे त्याच्या बाबतीत कूटही आधी डॉक्टरांना विचारूनच.

झोपवण्याची कथा याहून गंभीर आहे. डॉ. बेंजामिन स्पॉक यांचं बालसंगोपनाचं पुस्तक 1946 मध्ये आलं आणि अमेरिकेत घरोघरी पोथीसारखं वाचलं गेलं. पन्नाशीच्या दशकातल्या आवृत्तीपासून त्यात आलं की बाळाला पालथं झोपवा, उताणं झोपलं तर उलटी घशात जाईल. पटण्यासारखं कारण, भला माणूस, लाखो वाचक. आणि सल्ला चुकीचा. पालथी झोपणारी बाळं झोपेतच दगावण्याचं प्रमाण जास्त आहे हे मोजणीतून दिसलं, 1994 पासून अमेरिकेत उताणं झोपवण्याची मोहीम निघाली आणि पुढच्या दहाएक वर्षांत असे मृत्यू निम्म्यावर आले. आपल्याकडे बाळ उताणंच झोपवत, हा गुण सांगलीच्या खात्यात जमा. पण डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी, वर मऊ दुपटं, बाजूला लोड, अंगावर गोधडी, हे सगळं त्याच मोजणीत नापास झालं आहे. कडक सपाट गादी, उशी नाही, सुटं पांघरूण नाही. बाळाचा पाळणा आईबापांच्या खोलीत ठेवा हे इथलेही सांगतात, तेव्हा ‘गोरे लोक तान्ह्याला वेगळ्या खोलीत टाकतात’ ही तुमची माहिती थोडी जुनी झाली आहे. गोधडी आम्ही भिंतीवर लावली आहे, कृपया वाईट वाटून घेऊ नये.

इथे बाबांचा आक्षेप मला स्पष्ट ऐकू येतो: हे डॉक्टर लोक दर वीस वर्षांनी उलट बोलतात, मग आजचं तरी कशाला ऐकायचं? बाबा, ते उलट बोलतात म्हणूनच ऐकायचं. त्यांनी मोजलं, चूक सापडली, ती छापून मागे घेतली. आपल्या मंडळाने आजवर एकही ठराव मागे घेतल्याचं माझ्या ऐकिवात नाही. नवजात बाळाला सोन्याच्या अंगठीने मध चाटवायचा, हा ठराव पिढ्यान् पिढ्या कायम आहे. मधात कधीकधी अशा जंतूंची बीजं असतात जी मोठ्यांच्या पोटात मुकाट पडून राहतात आणि वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात रुजून विष तयार करतात. असं क्वचित होतं, मान्य. पण झालं तर बाळाचे स्नायू लुळे पडतात, आणि न चाटवल्याने काय बिघडतं, तर काहीच नाही. बाजारच्या काजळात शिसं सापडतं. घरी तुपाच्या दिव्यावर धरलेल्यात ते नसेलही, पण आत्याचं बोट आणि आत्याचं नख तर असतंच. तीट तळपायाला लावा, कोणाची हरकत नाही. दृष्ट मोज्यातून आरपार जात असेल, तर ती तीट बघूनही थांबेल असं समजू या.

दुसरा आक्षेप आईचा, आणि तो जास्त जड आहे: आम्ही हेच करून पोरं वाढवली, ती मेली का? आई, हा प्रश्न जे वाढले त्यांनाच विचारता येतो. 1971 साली भारतात जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी 129 मुलं पहिल्या वाढदिवसापर्यंत पोचत नव्हती. 2020 मध्ये हा आकडा 28 वर आला, महाराष्ट्रात 16 वर. आपल्या जुन्या घरांत कुठलीही म्हातारी आपल्या मुलांची गणती करताना मधेच थांबायची आणि ‘एक गेलं’ म्हणून पुढे जायची. ती मुलं मधाने गेली असं मी म्हणत नाही; बहुतेक ताप, जुलाब, न्यूमोनिया, कमी वजन यांनी गेली. एवढंच म्हणते की ‘आपण टिकलो’ हा पुरावा फक्त टिकलेल्यांच्याच बाजूचा आहे.

म्हणजे म्हाताऱ्यांचं ऐकूच नये का? असं अजिबात नाही, आणि याचा उत्तम पुरावा गडचिरोलीचा आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी तिथल्या 39 गावांत गावातल्याच बायकांना शिकवलं: बाळाचं वजन करायचं, श्वास मोजायचे, ऊब द्यायची, धोक्याची लक्षणं ओळखायची, गरज पडली तर इंजेक्शन द्यायचं. ‘लॅन्सेट’मध्ये 1999 साली निकाल आला: तिसऱ्या वर्षी नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी घटले. गावातल्याच बायकांच्या हातात घड्याळ आणि वजनकाटा आल्यावर हे झालं. तेव्हा पुस्तक विरुद्ध आजी हा सामनाच खोटा आहे. आजीच्या हाती वजनकाटा दिला की झालं.

इथल्या मंडळाला मी सोडते असंही समजू नका. घरात मराठी बोललात तर मूल गोंधळेल, बोलायला उशीर होईल, असं इथले काही लोक आजही मोठ्या मायेने सांगतात. हा सल्ला कधीच संपलेल्या तारखेचा आहे. वेल्समध्ये 1923 साली एका अभ्यासकाने दोन भाषा बोलणारी मुलं मागे पडतात असं छापलं. 1962 मध्ये याच कॅनडात, माँट्रियलमध्ये, पील आणि लॅम्बर्ट यांनी नीट तुलना केली तेव्हा उलटंच दिसलं. तेव्हा आजोबांनी फोनवर अडगुलं मडगुलं खुशाल चालू ठेवावं, नर्सबाईंचं मी बघते. शी-शूच्या सवयीवरून मात्र दोन्हीकडच्यांनी भांडू नये. आपण चौथ्या महिन्यापासून ‘शू... शू...’ करतो, हे लोक दोन-अडीच वर्षं वाट बघतात. मूल तयार होईपर्यंत थांबा, असं 1962 मध्ये सांगणारे डॉ. ब्रेझल्टन पुढे एका डायपर कंपनीच्या जाहिरातीतही दिसले, एवढं ध्यानात ठेवावं आणि ज्याला जे झेपेल ते करावं. यात कोणाच्याही चुकीने बाळाचं काही बिघडत नाही, फक्त चादरीचं बिघडतं.

आता खेळण्याबद्दल तातडीचं. मामाने बाळाला चाकांचा बसायचा वॉकर घेऊन ठेवल्याचं कळलं. तो पाठवू नये. कॅनडात 2004 पासून असा वॉकर विकणं, आयात करणं, त्याची जाहिरात करणं, सगळ्याला बंदी आहे; त्यात बसून मुलं जिन्यावरून खाली जातात, आणि चालायला लवकर शिकतात म्हणावं तर तसंही होत नाही. उलट कोकणातल्या घरी माळ्यावर पडलेला लाकडी पांगुळगाडा, ज्याला धरून मूल स्वतःच्या पायांवर उभं राहून ढकलत जातं, तो बंदीत बसत नाही. जुन्या वस्तूने नव्या वस्तूला हरवण्याचे प्रसंग कमी येतात. मामाने हा पराभव खिलाडूपणे घ्यावा.

एक गोष्ट कुठल्याच पत्रकात नाही आणि तुमच्याशिवाय कोणाकडे नाही: रात्री अडीचला रडणारं बाळ घेऊन येरझाऱ्या घालणारा तिसरा माणूस. इथल्या सरकारलाही हे कळत असावं, कारण आजी-आजोबांसाठी सुपर व्हिसा आहे, त्यावर एका वेळी पाच वर्षंही राहता येतं. मात्र प्रत्येकाचा निदान एक लाख डॉलरचा आरोग्यविमा काढावा लागतो. आजीची किंमत सरकारने किती लावली आहे ते बघा, आणि ती आजीला कळवू नका. विम्याचे कागद, पासपोर्टच्या प्रती आणि बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची चिठ्ठी या महिन्यात पाठवावी. येताना माझ्यासाठी डिंक, अळीव, खारीक आणावी. बाळगुटीची सहाण आणली तरी चालेल; वेखंड-जायफळ उगाळायच्या आधी कारण आणि मात्रा यावर समोरासमोर बसून चर्चा होईल. तेलमालिशीवर चर्चा नाही, ती तुम्हीच करायची आहे. फक्त नाक ओढून सरळ करायचं नाही.

बाकी सर्व क्षेम. मोठ्यांना नमस्कार, छोट्यांना पापा.

तुमची,
धाकटी

ता. क. ओवा-बाळंतशेपाची धुरी इमारतीत देता येणार नाही. प्रत्येक मजल्यावर धुराचा गजर लावणं इथे कायद्याने सक्तीचं आहे, इमारतीभर गजर झाला तर अग्निशमन दल येतं, आणि त्यांना बाळंतशेपा समजावून सांगण्याचं काम मी करणार नाही.