उंचांनी मागे उभे राहावे

फिशटँकमध्ये उंच झाड लावण्याची जी कारणे सांगितली जातात ती सगळी आदरणीय आहेत. माशांना आडोसा मिळतो, पाण्यातला अमोनिया आणि नायट्रेट शोषला जातो, टँकला खोली आल्यासारखी वाटते. खरे कारण हीटर आहे. हीटर, फिल्टरची नळी, एअरपंपाची ट्यूब आणि गोड्या पाण्याच्या टँकमागे कोणी का लावावे हे न कळणारे, एका कोपऱ्यातून सुटलेले प्रवाळांचे पोस्टर, एवढे सगळे झाकायचे असते. म्हणून शाळेच्या ग्रुप फोटोतला नियम इथेही चालतो: बुटक्यांनी पुढे बसावे, उंचांनी मागे उभे राहावे.

उंची ठरवताना टेप वापरावा, उत्साह नव्हे. २ फुटी टँकची उंची साधारण १२ ते १५ इंच असते. त्यातून तळाची २-३ इंच रेती आणि वरची इंचभर मोकळी जागा वजा केली की झाडाच्या वाट्याला १० इंच आले तरी पुष्कळ. या हिशेबाने १० इंचांचे झाडही उंचच. हा हिशेब न करता फोटो पाहून जंगल व्हॅलिस्नेरिया आणली, तर तिची ३ फुटांहून लांब होणारी पाने पृष्ठभागाला टेकतात, तिथे वळतात, समोरच्या काचेपर्यंत आडवी जातात आणि काच लागली की पुन्हा वळतात. खाली मासे भर दुपारी तिन्हीसांजेत फिरतात.

'कमी निगा' हा शब्दही नीट तपासून घ्यावा. अशी झाडे दोन प्रकारची. एक प्रकार लक्ष दिले नाही तरी वाढतो. दुसरा लक्ष दिले तरी वाढल्याचे दिसत नाही. जावा फर्न आणि अनुबियास दुसऱ्या प्रकारात मोडतात, पण ती सहसा बुटकी, म्हणजे पुढच्या रांगेतली. मागच्या रांगेसाठी पहिलाच प्रकार उरतो. दुकानदार त्याची हमी देतो ती झाड मरणार नाही एवढीच. ते थांबेल, असे त्याने कधीच म्हटलेले नसते.

याचे जुने उदाहरण हायड्रिला. उलटे नरसाळे, त्यावर उलटी परीक्षानळी, पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा आणि उन्हात ठेवलेले चंचुपात्र या आकृतीतून ती बहुतेकांना भेटलेली असते. मार्कांपुरते बुडबुडे सोडून ती पुस्तकातून निघून गेली, असा समज आहे. प्रत्यक्षात १९५०च्या दशकात ती शोभेच्या माशांच्या व्यापारातून अमेरिकेत फ्लोरिडाला पोचली, कालवे आणि तळी भरून टाकली आणि तिथल्या केंद्र सरकारच्या उपद्रवी तणांच्या यादीत जाऊन बसली. याच यादीत आपल्याकडची आणखी एक पाणवनस्पती आहे, हायग्रोफिला पॉलिस्पर्मा. एका महासत्तेने धास्ती घ्यावी असे झाड दिवाणखान्यात सहसा मरत नाही. निवड करताना ही शिफारस पुरेशी आहे. हायग्रोफिलाचा शेंडा कापून रेतीत खोचला की तो नवे झाड होतो, आणि कापलेल्या जागी जुन्याला दोन फांद्या फुटतात.

तरीही एकच झाड घ्यायचे तर व्हॅलिस्नेरिया स्पायरॅलिस घ्यावी. अंतोनिओ व्हॅलिस्नेरी (१६६१–१७३०) या इटालियन वैद्याचे नाव तिला मिळाले आहे. पाने रिबिनीसारखी, फूट-दीड फूट, म्हणजे २ फुटी टँकमध्ये टोके थोडी वळणारच. पाणी जड असले तरी तिची हरकत नसते, त्यामुळे बोअरच्या पाण्यावर जगणाऱ्या सोसायट्यांना ती विशेष सोयीची. लावल्यावर पहिले काही दिवस ती पाने गाळून मालकाची परीक्षा पाहते. या काळात तिला उपटून 'मुळे धरली का' हे पाहण्याचा मोह होतो. तो आवरला की मधून नवी पाने येतात आणि रेतीखालून धावते खोड निघते. पुढचे रोप कुठे उगवावे हे यापुढे तीच ठरवते, बहुधा काचेला लागून. बाटलीतले 'लिक्विड कार्बन' मात्र तिला बाधते.

तिचा संसार बारावीच्या पुस्तकात जलपरागणाखाली दिलेला असतो. नर फुले देठापासून सुटून वर येतात आणि तरंगत निघतात. मादी फूल लांब देठावरून पृष्ठभागावर येऊन थांबते. काम झाले की देठ स्प्रिंगसारखा गुंडाळून फळ खाली ओढून घेतो. घरच्या टँकमध्ये हे नाट्य सहसा होत नाही. नर आणि मादी झाडे वेगळी असतात, आणि टँकमधली सगळी पिलावळ एकाच झाडाच्या धावत्या खोडाची. म्हणजे सगळ्या बाया, नाहीतर सगळे बाप्ये.

बाकीच्यांत हॉर्नवर्टला मूळच नसते, त्यामुळे लावण्याचा प्रश्न मिटतो. वाढ झपाट्याची, रागावली की सुया गाळते आणि त्या फिल्टरच्या तोंडात जाऊन बसतात. ॲमेझॉन स्वोर्ड देखणी, पण मुळांनी खाणारी. रेतीत खताची गोळी पुरत राहावी लागते. ॲपोनोजेटॉन क्रिस्पसचा कंद लावला की झरझर उंच पाने येतात, मग काही वेळा तो सगळे आवरून विश्रांतीला जातो आणि घरचे त्याला मेला समजून फेकून देतात. त्याच्याच कुळातला वायतुरा साताऱ्याकडच्या पठारांवर पावसाळ्यात फुलतो. तो तिथेच पाहावा.

दुकानात जे पाण्यात ठेवलेले असते ते सगळे पाण्यातले नसते. 'लकी बांबू' ही ड्रॅसीना आहे. पूर्ण बुडवली तर ती सावकाश, सभ्यपणे कुजते. सिंगोनियमचेही तेच. मनीप्लांटची मुळे पाण्यात आणि पाने बाहेर ठेवली तर मात्र तो नायट्रेट खाऊन मजेत वाढतो, आणि उंचीचा प्रश्न पंख्यापर्यंत सुटतो.

जुडी घरी आली की आधी रबरबँड किंवा शिशाची पट्टी काढावी. आतल्या काड्या काळ्या पडलेल्या असतात, त्या टाकाव्या. चांगल्या काड्या एकेक करून, मध्ये बोटभर अंतर ठेवून, चिमट्याने खोचाव्या. अख्खी जुडी पुरली तर महिन्याभरात खालून कुजून सगळी वर तरंगते. गोगलगायींची अंडी आली असण्याची शंका असेल तर झाडे आधी तुरटीच्या पाण्यात बुडवून, स्वच्छ धुऊन घ्यावी. दिवा ६ ते ८ तास पुरे. पाहुण्यांसाठी रात्री अकरापर्यंत लावून ठेवला तर शेवाळ येते, आणि निगेच्या बाबतीत ते वरच्या सगळ्यांपेक्षा काटक आहे.

मासे विचारात घेतले नाहीत तर सगळे वाया. गप्पी आणि बहुतेक टेट्रा झाडांच्या वाट्याला जात नाहीत. गोल्डफिशच्या दृष्टीने वरील मजकूर हे मेनूकार्ड आहे. ऑस्कर आणि फ्लॉवरहॉर्न सहसा खात नाहीत, पण रात्रीतून सगळे उपटून पुनर्रचना करतात. यांच्या घरी प्लॅस्टिकचे झाड लावण्यात कमीपणा नाही.

उरते ती छाटणी. टँकभर वाढलेले झाड शेजारी एकदा घेतात, दुसऱ्यांदा दार उघडत नाहीत. तरीही ते नाल्यात, नदीत किंवा तलावात सोडू नये. मुळा-मुठेवर पसरणारी जलपर्णीही दक्षिण अमेरिकेतून शोभेसाठीच भारतात आली होती. छाटलेली झाडे गॅलरीत उन्हात पूर्ण वाळवावी आणि कुंडीत घालावी; खत उत्तम होते.