आली म्हणे, गेली म्हणे

बल्गेरियन वर्णमालेत अक्षरं फक्त ३०. ती आठवड्यात येतात असं पुस्तकं सांगतात आणि ते खरंही आहे, पण छापील अक्षरांपुरतंच. सोफियातल्या झेन्स्की पझारमध्ये (पझार म्हणजे आपला बाजारच) भाजीवरच्या पाट्या हातानं लिहिलेल्या असतात. हातानं लिहिताना ‘द’ रोमन जीसारखा दिसतो, ‘त’ एमसारखा आणि ‘इ’ चक्क यूसारखी. टोमॅटोला ‘दोमाती’ म्हणतात हे घोकून घोकून पाठ असतं, आणि समोर लालबुंद ढिगावर पाटी असते, ‘गोमामु’!

एका अक्षरानं मात्र आपली कॉलर ताठ होते. रशियनमध्ये ते मुकं असतं, इथं त्याला आवाज आहे. तो काढताना वर्गातल्या इटालियनचा जबडा दुखायला लागला. मी एकदाच ऐकला आणि ओळखला: अ, अननसाचा. लिंगंही आपल्यासारखीच तीन. मुलगी, म्हणजे ‘मोमिचे’, नपुंसकलिंगी आहे हे कळल्यावर वर्गात केवढी खळबळ! आमच्या मालवणीत ‘चेडू’ नपुंसकलिंगीच, त्यामुळे मी शांतपणे पान उलटलं.

बहुतेक स्लाव भाषांनी विभक्त्या जिवापाड जपल्यात. बल्गेरियननं नामांच्या विभक्त्या जवळजवळ सगळ्या मोडीत काढल्या. (‘देव’ आणि ‘माला’ चालवण्यात ज्यांचं बालपण गेलं, त्यांनी इथं टाळ्या वाजवायला हरकत नाही.) पण तिथं वाचलेला पैसा बाईनं क्रियापदांवर उधळला. ती आली हे स्वतः पाहिलं असेल तर ‘त्या दोय्दे’. कुणाकडून कळलं असेल तर ‘त्या दोश्ला’, म्हणजे ती आली म्हणे. आपण ‘म्हणे’ वरून शिंपडतो, सोयीचं नसेल तेव्हा गाळतोही. इथं क्रियापदच उलटतपासणी घेतं: तू तिथं होतीस का? पुढाऱ्यांचे दावे छापताना वर्तमानपत्रंही याच रूपाचा आडोसा घेतात. तो म्हणतो, आम्ही नाही. आणि आवाजाला जरा हेल दिला, की त्याच रूपातून ‘हं, ठेवला विश्वास!’ असंही ऐकू येतं. गिरगावातल्या चाळींना ही सोय मिळाली नाही याची मला मनापासून हळहळ वाटते. निम्म्या भांडणांचा निकाल क्रियापदावरच लागला असता.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक लेल्या राहतात. लेल्या म्हणजे मावशी, आत्या, काकू, सगळंच. रोज सकाळी त्या मला जिन्यात अडवतात, माझं वाक्य पूर्ण होईपर्यंत पिशवी खाली ठेवून थांबतात, मग ते पुन्हा नीट म्हणायला लावतात. परवा दाराआडून त्यांचा आवाज आला. वरच्या मजल्यावरच्या बाईंना त्या माझ्याबद्दल सांगत होत्या: मुलगी भारतातली आहे, चांगली आहे, आणि बल्गेरियन ‘ऊचेला’.

शिकते म्हणे.